‘रे’ म्हटलं होतं

आमच्या नातेवाइकांत ती गोष्ट आता अशी सांगतात: आत्यानं ब्रेक सोडला आणि पप्पांचा हात मोडला. लग्नात, बारशाला, कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला जेवणाची ताटं घेऊन उभे राहिलो की कुणीतरी विचारतंच, “काय गं, दादाचा हात तू मोडलास म्हणे?” आणि माझा भाऊ बाजूला उभा राहून, प्लॅस्टर निघालेली बोटं उघडमीट करत मोठ्या मनानं हसतो. ते हसू बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला कुणी क्षमा करायची गरज नाही, कारण मी काही केलेलंच नाही. तेव्हा काय झालं ते एकदा पहिल्यापासून सांगून टाकते.

गाडी माझी आहे. नवऱ्यानं घेतली होती, तो गेल्यावर मी ती माझ्या नावावर करून घेतली आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन चालवायला शिकले. मोटारीचं वेड होतं म्हणून नाही. “मला सोडशील का?” हे वाक्य बोलायचा कंटाळा आला होता म्हणून. आम्ही काही बायका आठवड्यातून दोनदा कर्वेनगरला एका मैत्रिणीकडे गाणं शिकायला जमतो. मी राहते बिबवेवाडीत. भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला विचारावं, सोडशील का, तर तो कानातलं न काढता म्हणणार, “आत्या, कॉलवर आहे गं, कॅब बुक करून देऊ?” दादाला विचारावं, सोडशील का, तर तो म्हणणार, “गाणं काय घरी म्हणता येत नाही?” रिक्षावाला तर तोंडही उघडत नाही, नुसती मान हलवतो. गाडी शिकल्यापासून मी हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. गाडी गेली तर तो पुन्हा विचारावा लागणार होता, आणि मला तो मरेपर्यंत विचारायचा नव्हता. पुढचं सगळं भांडण त्यासाठी आहे, हे लक्षात ठेवा.

तर पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. आधी बारीक घूं, मग वेग वाढला की पिठाच्या गिरणीसारखी घरघर. बेअरिंग गेलं होतं. हे कळायला कुणी मोठा जाणकार लागत नाही, चाक उचलून हलवलं की खुळखुळतं. मी म्हटलं, गॅरेजला टाकते. झालं! दादाच्या अंगात कारखाना शिरला.

दादा चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला. असेंब्ली शॉपला होता. माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. निवृत्त झाल्यापासून इमारतीतलं गळणारं, अडकणारं, कुरकुरणारं जे काही असेल त्यावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं तो समजतो. “गॅरेजवाले लुटतात,” तो म्हणाला. “रविवारी करून टाकू. तू फक्त ब्रेकवर बस.”

तू फक्त ब्रेकवर बस. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे.

चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो, अॅक्सलचा, तो सुटल्याशिवाय चाक ज्यावर बसतं तो हब निघत नाही आणि हब निघाल्याशिवाय बेअरिंग निघत नाही. हा नट साधासुधा नसतो. मुळात तो प्रचंड ताकद लावून आवळलेला असतो. वर त्याची कड ठोकून शाफ्टच्या खाचेत दाबलेली असते, म्हणजे कधी काळी सैल व्हायची बुद्धी झाली तरी होता येऊ नये. त्यावर वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज. पान्याला लांब पाइप घालून जोर लावला तर नट सुटायच्या ऐवजी चाकच फिरायला लागतं. ते फिरू नये म्हणून कुणीतरी गाडीत बसून ब्रेक गच्च दाबून ठेवायचा. ते कुणीतरी म्हणजे मी.

नवरा होता तेव्हा त्याचेही रविवार असेच जायचे. कुकरच्या शिट्ट्या वर मोजायला कुणी नाही, कणीक तिंबून ठेवलेली, आणि मी खाली गाडीत. दाब. सोड. दाब गं नीट. झोपलीस का? पुढच्या काचेतून त्याचं डोकंही दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा चाकामागून, आणि मी त्या आवाजाचं ऐकायची. आठवडाभर कचेरीत साहेबाचं ऐकायचं आणि एकुलत्या एका सुट्टीला चाकाचं. तेव्हा मला राग येत नव्हता. तो न आल्याचाच आता सगळ्यात जास्त राग येतो.

त्या रविवारी दादानं गाडी पार्किंगमध्ये जॅकवर चढवली, खाली विटा लावल्या आणि चाक काढून भिंतीला टेकवलं. भाच्याला फोनसकट खाली आणलं. छिन्नीनं नटाची दाबलेली कड उचलली. इथपर्यंत ठीक केलं, मी खोटं बोलणार नाही. गंज सोडवायचं तेल मारलं. मग नटावर गोटी, म्हणजे पान्याचं तोंड बसवलं, तिला दांडी, दांडीला पाइप. पाइप आमच्या जुन्या अँटेनाचा होता. आणि मला सूचना दिली, शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरसारखी: “दाब म्हटलं की दाबायचं. सोड म्हटलं की सोडायचं. मधे डोकं चालवायचं नाही.”

नाही चालवलं.

पहिल्या जोराला नट हलला नाही. दुसऱ्याला नाही. दादा पाइपला लोंबकळला तरी नाही. मग भाच्यालाही पाइपला लावलं. माझी मांडी थरथरायला लागली होती, कारण एवढा वेळ ब्रेक दाबून बसणं ही काही आरामखुर्ची नसते. खिडकीची काच खाली होती, पण मला दोघांच्या पाठी सोडून काही दिसत नव्हतं. बापलेकांचं धुसफुसणं ऐकू येत होतं. “पप्पा, वेट, माझा ग्रिप नाहीये.” “अरे वजन टाक, वजन.” “टाकलंय ना.” आणि एकदम दादा ओरडला, “सोड!”

मी सोडला.

हब गर्रकन फिरला. पाइप खाली आला आणि पाइप आणि विटा यांच्यामध्ये दादाचा उजवा हात सापडला. दोन बोटांची हाडं मोडली, तळहाताला टाके पडले. दादा कळवळला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तो माझा भाऊ आहे. मी ब्रेकवरून उठून धावत गेले.

आणि त्याचं पहिलं वाक्य काय? “कुणी सांगितलं होतं सोडायला?”

दवाखान्यातून आल्यावर घरात कोर्ट भरलं. दादाचं म्हणणं असं की ते ‘सोड’ मला नव्हतंच, भाच्याला होतं. पाइप सोड, बाजूला हो, मी एकटा बघतो, असं. मी म्हटलं, मला काय माहीत? तू मला सांगून ठेवलं होतंस, सोड म्हटलं की सोडायचं. तर म्हणतो, “मी ‘सोड रे’ म्हटलं होतं. ‘रे’! तुला मी ‘रे’ म्हणेन का?”

मी सांगते, त्यानं ‘रे’ म्हटलं नव्हतं. पण त्या एका ‘रे’वर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा व्याकरणाच्या पुस्तकातही झाला नसेल. वहिनी वरून बाल्कनीतून बघत होती, तिनं ‘रे’ ऐकला म्हणे. तिसऱ्या मजल्यावरून! शेजारच्या काकांनीही ऐकला, ते तर तेव्हा आंघोळीला गेले होते. भाच्याला विचारलं. त्यानं बापाकडे बघितलं, प्लॅस्टरकडे बघितलं आणि म्हणाला, “रे-बिरे काहीतरी होतं बहुतेक.” आणि नंतर जिन्यात मला गाठून हळूच: “आत्या, ॲक्च्युअली नव्हतं म्हटलं. पण आता सोड ना.”

आता सोड ना. इथं मात्र सोड मलाच होतं.

वरचा गमतीचा सूर आता बास करते, कारण यापुढे गंमत नाही. दोन दिवसांनी दादानं जाहीर केलं की गाडी काढायची. त्याच्या जुन्या कंपनीतल्या कुणाच्या जावयाला हवी आहे, रविवारी बघायला येतोय. “तो नट निघत नाही म्हणजे सगळंच सडलंय. आज चाक, उद्या आणखी काही. आणि तुझं वय काय, या ट्रॅफिकमध्ये कशाला पाहिजे? कुठं जायचं असलं तर सांगत जा. आम्ही आहोत ना सोडायला.” वहिनी मान डोलावत होती. भाचा फोनमध्ये. माझी गाडी, माझ्या नावावर, आणि माझ्यासमोर बसून तिचा निकाल लावत होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, यांना तर एक नट काढता आला नाही म्हणून अंगणच विकायला काढलं होतं. मी बोलले असते तर ‘हात मोडून वर तोंड करते’ ऐकावं लागलं असतं. राग गिळला की तो पोटात जातो असं म्हणतात, माझा जबड्यात अडकला. रात्रभर दात दुखत होते.

गुरुवारी सकाळी मी कुणाला न सांगता किल्ली घेतली. चाक भाच्यानं परत लावून ठेवलं होतंच. नट आपल्या जागी तसाच गच्च. घरघर करत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, मागच्या लोकांच्या शिव्या खात कोपऱ्यापलीकडच्या गॅरेजपर्यंत गेले. तिथला मेकॅनिक स्टुलावर बसून चहा पीत होता.

“आज नाही,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. “गुरुवार आहे. लाइट नाही. मशीन बंद. बाहेर लिहिलंय.”

खरोखर लिहिलं होतं: गुरुवारी चौकशी करू नये. मी म्हटलं, चौकशी करायला आले नाही, काम करून घ्यायला आले आहे. त्यानं तेव्हा माझ्याकडे बघितलं. “हातानं वेळ लागतो.” मी म्हटलं, लागू दे. “आवाज होतो, धूळ होते.” म्हटलं, मी बिबवेवाडीत राहते, मला धूळ दाखवू नका. तो उठला. खुशीनं नाही. चहाचा ग्लास मुद्दाम सावकाश ठेवून उठला.

त्यानं चाक काढलं, नट बघितला, तेल मारलं, गोटी लावली, पाइप शोधायला आत गेला. तोपर्यंत मी काय करावं? मी गाडीचं दार उघडून आत बसले. पाय ब्रेकवर ठेवला. मला कुणी सांगितलं नव्हतं, पायानंच केलं. पर्स मांडीवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कान चाकाकडे. तो पाइप घेऊन आला आणि मला बघून थांबला.

“मॅडम, गाडीत काय करताय?”

“ब्रेक दाबायला बसलेय.”

“उतरा,” तो म्हणाला. “त्याला दांडकं आहे.”

आणि त्यानं कोपऱ्यातनं एक लाकडी दांडकं उचललं. कधी काळी पोछ्याची दांडी असावी ती, टोकाला तेलानं काळी झालेली. एक टोक ब्रेकच्या पेडलवर टेकवलं, दुसरं सीटच्या कडेला आणि सीट खटाखट पुढे सरकवली. दांडकं ताठ बसलं. ब्रेक दाबला गेला. संपलं.

मी रस्त्यावर उभी राहून ते दांडकं बघत होते. माझ्या सीटवर बसलं होतं ते. त्याची मांडी थरथरत नव्हती. त्याला कुकरची काळजी नव्हती. त्याला कुणी झोपलास का विचारत नव्हतं, आणि ‘सोड’ म्हटलं तरी ते सोडणार नव्हतं. माझे सगळे रविवार मला एकदम आठवले. कणकेवर धरलेली खपली आठवली. एकदा मला ताप होता, तरी खाली बसले होते. आणि हे सगळं काम पोछ्याची दांडी करते! मला रडू आलं असं लिहायला चांगलं दिसेल, पण रडू नाही आलं. मला असा संताप आला की मी त्या मेकॅनिकला म्हटलं, पाइपला मी पण हात लावते. तो म्हणाला, “लांब उभ्या रहा, लागेल.” मी म्हटलं, लागायचं ते लागून झालंय, आणि लावला.

नट लगेच नाही सुटला. गोष्टीत सुटतो. आम्ही दोघं त्या पाइपला वजन टाकून उभे, तो “आई गं” म्हणतोय, मी काय म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग तो पाइपवर उभा राहून अंगानं दचके देऊ लागला, आणि कुठूनतरी आतून, हाड मोडावं तसा कर्रकन आवाज आला. मला वाटलं पाना तुटला. नट सुटला होता.

हब त्याहून चिवट निघाला. शाफ्टच्या दात्यांत गंजून बसलेला. नट नाही, काही नाही, तरी धरून बसायचं म्हणजे बसायचं. असली माणसं माझ्या माहितीत आहेत. मेकॅनिकनं शाफ्टच्या टोकाला जुनाच नट थोडा फिरवून ठेवला, आटे खराब होऊ नयेत म्हणून, आणि वर हातोडा घातला. मग हब ओढून काढायचा पुलर लावला. मग परत हातोडा. दुपार झाली, लाइट काही आली नाही. हब निघाला तेव्हा आतलं बेअरिंग तांबूस भुसा होऊन त्याच्या हातावर सांडलं. नवीन बेअरिंग, नवीन नट, सगळं बसवून मी गाडी चालवत घरी आले. चाक गप्प होतं. इतकं गप्प की मला गाडीतल्या इतर बारीकसारीक कुरकुरी ऐकू यायला लागल्या.

दादा पार्किंगमध्येच उभा होता. हात गळ्यात. चाकाचा आवाज गेल्याचं त्याला लगेच कळलं, कान तयार आहेत त्याचे.

“निघाला?”

“निघाला.”

“ब्रेकवर कोण बसलं होतं?”

बघा, पहिला प्रश्न काय आला. नट कसा होता नाही, हब कसा निघाला नाही. मी म्हटलं, “कुणी नाही. दांडकं लावलं.”

“हां,” दादा म्हणाला. “चालतं तसं. आम्ही पण शॉपमध्ये तेच लावायचो.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, “तुला माहीत होतं?”

“माहीत नसायला काय? साधी गोष्ट आहे.”

“मग मला कशाला बसवलंस?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. खोड काढायची म्हणून नाही, टोमणा म्हणून नाही. त्याला प्रश्नच कळला नव्हता. “अगं,” तो म्हणाला, “तू होतीस ना.”

मी होते ना. घरात मी आहे म्हटल्यावर दांडकं कशाला शोधा? तेवढ्यात त्यानं डाव्या हातानं फोन काढला आणि त्या जावयाला लावला. “जय भीम, जय भीम. अहो, एक चांगली बातमी आहे. चाकाचा आवाज गेला. बेअरिंग नवीन टाकून घेतलंय आपण. रविवारी या, आता तर...”

आपण! मी फोन त्याच्या हातातून घेतला. “जय भीम,” मी म्हटलं. “गाडी माझी आहे. विकायची नाही. तुम्हाला हेलपाटा पडू नये म्हणून आत्ताच सांगते,” आणि फोन बंद करून त्याच्या शर्टाच्या खिशात घातला. पार्किंगमध्ये दोन-चार बाल्कन्यांमधून माणसं वाकली. वाकू देत. ‘रे’ ऐकायला होते ना, हेही ऐका.

दादानं डाव्या हातानं खिसा चाचपला. मग म्हणाला, “आज ड्रेसिंगला जायचंय.”

आमच्याकडे पुरुष मागत नाहीत, कळवतात. त्याला उजव्या हातानं स्कूटर चालवता येणार नव्हती, भाचा कॉलवर होता. मी दार उघडलं. “बस.”

त्याला बेल्टही मीच लावून दिला. गंगाधामच्या उतारावर नेहमीसारखी डंपरांची, टेम्पोंची गर्दी होती. मी माझ्या गतीनं उतरत होते. तो म्हणाला, “ब्रेक.” मी लक्ष दिलं नाही. “अगं, ब्रेक मार. ब्रेक!” समोरचा टेम्पो चांगला लांब होता. मी सहज त्याच्या पायाकडे बघितलं. त्याचा उजवा पाय ताठ झाला होता आणि चपलेची टाच त्यानं खालच्या रबरी मॅटवर सगळा जोर लावून दाबली होती. तिथं ब्रेक नसतो. मी दवाखान्यापर्यंत दाबू दिला.